कायदे कौन्सिलातला साहेब शोधताना: नेमणूक आणि हजेरी तपासायची रीत

आमच्या गावच्या नगरपालिकेच्या इतिहासाची पुस्तिका करायचं ठरलं, तेव्हा माझ्या वाट्याला दिसायला सोपं काम आलं. एकेकाळी आमच्या जिल्ह्यात कलेक्टर असलेला एक इंग्रज अधिकारी पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलात, म्हणजे इंग्रजी अमलातल्या कायदेमंडळात, सभासद होता. तो कधीपासून कधीपर्यंत होता आणि किती बैठकांना आला, एवढं चार ओळींत लिहून द्यायचं होतं. मी दोन दिवसांत दिलं. छापील कार्यवृत्तात नाव पहिल्यांदा दिसलं ती तारीख 'पासून' आणि शेवटचं दिसलं ती 'पर्यंत'.

छपाईच्या आधी एका जाणत्या गृहस्थांनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "ही तारीख नेमणुकीची की हजेरीची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग गॅझेट, म्हणजे सरकारी राजपत्र, उघडलं. साहेबाची नेमणूक मी लिहिलेल्या तारखेच्या चार महिने आधीच झाली होती. मधल्या काळात तो रजेवर विलायतेला गेला होता, त्याच्या जागी दुसराच साहेब बसत होता, आणि परत आल्यावर त्याची नव्याने नेमणूक झाली होती. माझ्या चार ओळींपैकी तीन चुकीच्या निघाल्या. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून पुढची रीत लिहिली आहे. ती मुंबई इलाख्याच्या कौन्सिलापुरती आहे, कारण मी खपलो ते तिथेच.

१. आधी कायदा कोणता ते ठरवा

तुमचा अधिकारी कोणत्या वर्षी कौन्सिलात होता, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. 'मुंबई कायदे कौन्सिल' हे नाव एकच, पण त्या नावाखाली चार वेगवेगळ्या व्यवस्था होऊन गेल्या.

१८६१ च्या कायद्याने सुरुवात झाली. गव्हर्नरचं जे कार्यकारी कौन्सिल होतं, त्यालाच कायदे करण्यापुरते 'जादा सभासद' जोडायचे. अ‍ॅडव्होकेट जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य वकील, हा त्यातला ठरलेला. त्याशिवाय कमीत कमी ४ आणि जास्तीत जास्त ८ जण गव्हर्नरने नेमायचे, आणि त्यातले निदान निम्मे बिनसरकारी असायचे. मुदत दोन वर्षांची. पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ ला मुंबईच्या टाउन हॉलमध्ये झाली. जगन्नाथ शंकरशेट त्या पहिल्या कौन्सिलात होते.

१८९२ च्या कायद्याने जादा सभासदांची संख्या ८ ते २० अशी केली. नगरपालिका, लोकल बोर्डं, विद्यापीठ यांच्यामार्फत आडवळणाची निवडणूक आली आणि सरकारला प्रश्न विचारायची सोय झाली. फिरोजशहा मेहता, टिळक, गोखले हे या काळातले. १९०९ मध्ये कमाल संख्या ५० झाली. १९१९ च्या कायद्याने, म्हणजे प्रत्यक्षात १९२१ पासून, कौन्सिल शंभराच्या वर गेलं. मुंबईसाठी आकडा १११ ठरला. सरकारी अधिकारी एकूण संख्येच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त असता कामा नयेत, असं बंधन होतं. १९३७ मध्ये दोन सभागृहं आली आणि खालच्या सभागृहाला 'असेंब्ली' हे नाव मिळालं. त्यानंतरची 'कौन्सिल' म्हणजे वरचं सभागृह. कोणाच्या चरित्रात '१९३८ मध्ये कौन्सिलचे सभासद' असं वाचलंत तर ते वेगळं सभागृह आहे हे ध्यानात ठेवा.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. वहीच्या पहिल्या पानावर १८६२, १८९२, १९०९, १९२१, १९३७ ही पाच वर्षं लिहा आणि तुमचा माणूस कोणत्या दोन वर्षांच्या मध्ये पडतो ते बघा.

२. 'सरकारी' कोणाला म्हणायचं

इथे नवखा माणूस हमखास घसरतो, कारण तो नावावरून अंदाज बांधतो. इंग्रज नाव दिसलं की सरकारी, हिंदी नाव दिसलं की बिनसरकारी. मुंबईतल्या व्यापारी कंपन्यांचे युरोपियन मालक कौन्सिलात असत. ते बिनसरकारी होते. उलट न्यायमूर्ती रानडे १८८५ मध्ये कौन्सिलावर नेमले गेले तेव्हा ते सरकारच्या न्यायखात्यात नोकरीत होते. त्याच वर्षी दादाभाई नौरोजीही नेमले गेले. त्यांचा सरकारी नोकरीशी काही संबंध नव्हता. दोघं एकाच कौन्सिलात, दोघंही नेमलेले, पण तुमच्या तक्त्यात त्यांचे रकाने वेगळे.

दुसरी चूक म्हणजे 'नेमलेला' आणि 'सरकारी' हे एकच धरणं. डॉ. आंबेडकर १९२७ पासून मुंबई कौन्सिलात बोलू लागले ते गव्हर्नरने नेमलेले सभासद म्हणून, पण ते सरकारी अधिकारी नव्हते. १९२१ नंतरच्या यादीत तर तीन थर वेगळे काढावे लागतात: पदामुळे आपोआप सभासद झालेले, नेमलेले अधिकारी आणि नेमलेले बिनसरकारी. शिवाय खातं सांभाळणारे मंत्री. ते सरकारात असले तरी निवडून आलेले होते आणि कायद्याने त्यांना अधिकारी धरलेलं नव्हतं.

पदसिद्ध मंडळींत जुन्या काळी मुंबईच्या फौजेचा सरसेनापतीही असे. १८९५ मध्ये इलाख्यांच्या वेगळ्या फौजा मोडल्या आणि तो यादीतून गेला. मी त्याला दोन दिवस 'गैरहजर' मांडत होतो.

३. सोबत काय लागेल

कागदपत्रांपैकी चार गोष्टी हाताशी हव्यात:

– कौन्सिलच्या कार्यवृत्ताचे छापील खंड, वर्षवार
– मुंबई सरकारचं गॅझेट, निदान तुमच्या माणसाच्या मुदतीच्या आगेमागे सहा महिन्यांचं
– सिव्हिल लिस्ट, म्हणजे कोणता अधिकारी कोणत्या हुद्द्यावर आणि कोण रजेवर याची नियमाने निघणारी यादी
– त्या वर्षांचं वर्तमानपत्र, मराठी किंवा इंग्रजी, जे मिळेल ते

मुंबईत राज्य पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय टाउन हॉलमध्येच आहे, म्हणजे जिथे पहिली बैठक झाली त्याच वास्तूत तुम्ही तिचा वृत्तान्त वाचू शकता. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात जुने सरकारी खंड चांगले आहेत. घरबसल्या काम करायचं तर राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' आहे, आणि इंटरनेट आर्काइव्हवर काही खंड आहेत. स्कॅनवर शोधपट्टीत नाव टाकून भागत नाही. जुन्या छपाईतली अक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत. पान उघडून डोळ्यांनी वाचा.

जाताना ओळखपत्र, त्याची प्रत आणि शक्य असेल तर कुठल्या तरी संस्थेचं पत्र न्या. फोटो काढू देतात का ते आधी विचारा. पेन घरी ठेवा, शिसपेन्सिल न्या. शंभर वर्षांपूर्वीचा कागद घडीवर तुटतो, म्हणून खंड पूर्ण उघडून दाबू नका. मी एकदा दाबला आणि पानाचा कोपरा हातात आला. समोरच्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं. पुरेसं होतं.

४. पहिली वही: नेमणूक

दोन वह्या करा. एक्सेलमध्ये करणार असाल तर दोन वेगळी पानं. पहिली नेमणुकीची, दुसरी हजेरीची. एका वहीत राहिलेली मोकळी जागा दुसऱ्या वहीतून अंदाजाने भरायची नाही. माझी चूक नेमकी तीच होती.

नेमणुकीची वही गॅझेटातून भरा. प्रत्येक नोंदीला तीन तारखा असू शकतात: अधिसूचनेवरची तारीख, गॅझेटच्या अंकाची तारीख आणि नेमणूक अमलात आल्याची तारीख. तिन्ही लिहा. शिवाय हुद्द्याचा भार घेतल्याची नोंद वेगळी येते आणि तिथे भार मध्यान्हपूर्व घेतला की मध्यान्होत्तर, हेही दिलेलं असतं. हे मला आधी फाजील वाटलं होतं. पण एकाच दिवशी एकाने भार सोडला आणि दुसऱ्याने घेतला, आणि त्याच दिवशी कौन्सिलची बैठकही असली, तर सकाळी त्या हुद्द्यावर कोण होतं ते याच दोन शब्दांवरून कळतं.

'हंगामी' हा शब्द सुटू देऊ नका. साहेब लोक लांब रजेवर जात, मग खालचा एक पायरी वर सरके, त्याच्या जागी त्याच्याखालचा. यातून गव्हर्नरची खुर्चीही सुटलेली नाही. गव्हर्नर नॉर्थकोट गेले आणि नवे गव्हर्नर लॅमिंग्टन अजून आले नव्हते, तेव्हा १९०३ मध्ये काही महिने जेम्स माँटीथ हे हंगामी गव्हर्नर होते. एरवी ते गव्हर्नरच्या कार्यकारी कौन्सिलातले सभासद. १८९५ मध्ये हर्बर्ट बर्डवुड यांच्याकडे तर ते पद जेमतेम दोन-तीन दिवस होतं. अशा माणसाची ओळ तुमच्या वहीत मधेच तुटते आणि पुन्हा सुरू होते. ती तशीच तुटकी ठेवा.

आणखी एक: हुद्दा बदलला म्हणजे सभासदत्व संपलं असं नाही, आणि हुद्दा तोच राहिला म्हणजे सभासदत्व चालू आहे असंही नाही. जादा सभासदाची नेमणूक माणसाची असते आणि १९०९ च्या आधी ती दोन वर्षांची असे. अ‍ॅडव्होकेट जनरल मात्र पदामुळे येतो. त्याच्या जागी हंगामी आला तर कौन्सिलातही हंगामीच बसतो.

५. दुसरी वही: हजेरी

कार्यवृत्ताचं पहिलं पान नीट पाहायला शिकलात की अर्धं काम झालं. वर लांबलचक मथळा: कायदे आणि नियम करण्यासाठी भरलेल्या गव्हर्नरच्या कौन्सिलच्या कामकाजाचा गोषवारा. खाली गाव आणि तारीख. मग 'हजर' या शब्दाखाली नावं. सर्वांत वर गव्हर्नर, त्याच्यापुढे 'अध्यक्षस्थानी'. मग कार्यकारी कौन्सिलातले, मग जादा सभासद, प्रत्येकाच्या नावामागे 'ऑनरेबल'. अ‍ॅडव्होकेट जनरलचं कधीकधी नावच नसतं, नुसता हुद्दा. त्या दिवशी त्या हुद्द्यावर कोण होतं ते तुमच्या पहिल्या वहीतून काढायचं, आणि दुसऱ्या वहीत 'हुद्दा छापलेला, नाव गॅझेटावरून' अशी खूण करायची.

गावाचं नाव लिहायला विसरू नका. कौन्सिल नेहमी मुंबईत भरत नसे. पावसाळ्यात सरकार पुण्याला असे आणि बैठका तिथल्या कौन्सिल हॉलमध्ये होत. १८७० च्या सुमाराची ती इमारत अजून उभी आहे. उन्हाळ्यात महाबळेश्वरलाही बैठका झाल्या आहेत. मुंबईतलं कौन्सिल १९२८ नंतर जुन्या सेलर्स होममध्ये भरायचं, जिथे आता राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. गाव का महत्त्वाचं? मुंबई इलाख्यात तेव्हा गुजरात, उत्तर कर्नाटक आणि सिंधही होतं. सिंधमधल्या अधिकाऱ्याला महाबळेश्वरची बैठक म्हणजे काय प्रवास असेल, ते नकाशा काढून बघा आणि मग त्याच्या नावापुढे गैरहजेरीची फुली मारा.

बैठक अनेक दिवस चालली तर दर दिवसाची यादी वेगळी घ्या. पहिल्या दिवशीची यादी पुढे ओढायची नाही. नवीन सभासद आला की त्याने आसन घेतल्याची नोंद बहुधा सुरुवातीलाच येते. नेमणूक आणि आसन घेणं यांत कित्येक आठवडे गेलेले असतात. या मधल्या काळातल्या बैठका त्याच्या गैरहजेरीत धरायच्या की नाही, हे तुम्ही ठरवा, पण एकदा ठरवलंत की सगळ्यांना तोच नियम लावा. मी धरत नाही.

हजेरी म्हणजे शेवटपर्यंत बसणं नव्हे. याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण ऑगस्ट १९०१ चं. जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक माँटीथ यांनी मांडलेलं. शेतकऱ्याला जमीन विकण्या-गहाण टाकण्यावर त्यात निर्बंध होते आणि बिनसरकारी सभासदांचा विरोध होता. घाई करू नका ही त्यांची मागणी फेटाळली गेली, तेव्हा फिरोजशहा मेहता उठले, त्यांच्यामागोमाग गोखले आणि आणखी काही सभासद बाहेर पडले. मग राहिलेल्यांनी विधेयक संमत केलं. आता पहिल्या पानावरच्या यादीवरून मोजलंत तर मेहता-गोखले त्या दिवशी 'हजर'. विधेयक संमत होताना मात्र ते सभागृहात नव्हते. तेव्हा कामकाज शेवटपर्यंत वाचा आणि महत्त्वाच्या दिवसांसाठी 'कोणत्या वेळेपर्यंत' असा एक जादा रकाना ठेवा. सरकारी सभासदांच्या बाबतीत असा सभात्याग शोधूनही सापडणार नाही. त्यांचं तिथे असणं हा सरकारच्या मतांचा हिशेब होता.

एखाद्या बैठकीची यादी संशयास्पद लहान दिसली तर पान फाटलंय असं लगेच धरू नका. १८६१ च्या कायद्यात गव्हर्नर किंवा कार्यकारी कौन्सिलातला एक सभासद आणि त्याखेरीज चार जण एवढ्यांवर बैठक चालत असे. पाच-सहा जणांत कायदे झालेले आहेत.

६. नावांची गफलत

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला.

एकाच काळात एक आडनाव दोघांचं: बार्टल फ्रिअर १८६२ ते १८६७ गव्हर्नर, आणि सुरुवातीच्या त्याच कौन्सिलात विल्यम एडवर्ड फ्रिअर सभासद. बर्डवुड दोन: कौन्सिलातले हर्बर्ट आणि मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाशी नाव जोडलेले डॉक्टर जॉर्ज, सख्खे भाऊ. नुसतं 'बर्डवुड' लिहिलेल्या सूचीवर विसंबू नका.

त्याहून अवघड प्रकार म्हणजे किताबाने बदललेलं नाव. १८६२ च्या कौन्सिलातले सरसेनापती सर विल्यम मॅन्सफील्ड पुढे लॉर्ड सँडहर्स्ट झाले. प्लेगच्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट हे त्यांचे चिरंजीव, आणि त्यांचंही नाव विल्यम मॅन्सफील्डच. सँडहर्स्ट रोड मुलाच्या नावाचा. सिडनहॅम कॉलेजचे सिडनहॅम गव्हर्नर असताना बहुतेक काळ सर जॉर्ज क्लार्क होते, लॉर्ड सिडनहॅम नंतर. फिरोजशहांच्या नावामागे 'सर' लागलं ते १९०४ मध्ये. त्याआधीच्या यादीत 'सर' शोधत बसलात तर ते सापडणार नाहीत.

देशी नावांची इंग्रजी अक्षरं तर छापणाऱ्याच्या मर्जीवर. शंकरशेट कधी 'श'ने, कधी 'स'ने. जगन्नाथ तर मी चार तऱ्हांनी लिहिलेला पाहिला. रावसाहेब, रावबहादुर हे नावाच्या आधी येतात आणि सूचीत कधीकधी 'र'खाली सापडतात. विश्वनाथ नारायण मंडलिक मला तिथेच मिळाले.

मराठी वर्तमानपत्रं चाळणाऱ्यांसाठी एक सूचना. कौन्सिलच्या सभासदाला आपल्याकडे 'नामदार' म्हणत, छापताना 'ना.'. गोखल्यांना ते इतकं चिकटलं की आजही ते नामदार गोखलेच आहेत. बातमीत 'ना.' दिसलं की माणूस कौन्सिलातला असण्याची शक्यता दाट. पण कामगार पुढारी ना. म. जोशींमधला 'ना.' हा नारायण आहे. मी त्यांना एक पूर्ण दुपार मुंबई कौन्सिलात शोधत होतो.

७. १९२१ नंतर काम बदलतं

गव्हर्नर आता सभासद नाही, त्यामुळे यादीतून त्याचं नाव गेलं म्हणून दचकू नका. अध्यक्ष वेगळा असतो. पहिले अध्यक्ष सर नारायण चंदावरकर. अधिकाऱ्यांच्या नेमणुका मात्र जास्त अस्थिर होतात. ज्या खात्याचं विधेयक, त्या खात्याचा माणूस अधिवेशनापुरता आणायचा आणि पुढच्या वेळी दुसरा, असं चाले. एखाद्या विधेयकापुरते तज्ज्ञ नेमायचीही सोय होती. ती नावं दोन-चार दिवस दिसतात आणि नाहीशी होतात. त्यांना पूर्ण मुदतीचे सभासद धरून टक्केवारी काढलीत तर हजेरी हास्यास्पद कमी येईल.

या काळात मतविभागणीच्या याद्या खूप कामाला येतात. 'होय' आणि 'नाही' अशा दोन रकान्यांत नावं छापलेली असतात. ज्याचं नाव तिथे आहे तो त्या घटकेला सभागृहात होता, यावर वाद नाही. ज्याचं नाव नाही तो गैरहजर असेलच असं नाही. तो तटस्थ राहिला असेल. म्हणून या यादीतून फक्त हजेरी घ्या, गैरहजेरी घेऊ नका.

८. आकडा लिहिताना

किती पैकी किती, हे लिहिताना 'पैकी'चा आकडा आधी पक्का करा. त्याच्या मुदतीत, तो हिंदुस्थानात असताना, त्याने आसन घेतल्यानंतर झालेले बैठकीचे दिवस, एवढेच. रजेचे दिवस सिव्हिल लिस्टमधून वजा करा. फिरतीवर असेल तर तो गैरहजर, पण शेरा द्या. कारण सापडलं नाही तर रकाना मोकळा सोडा.

आमच्या पुस्तिकेत शेवटी गेलेली टीप अशी होती. तुम्हाला साचा म्हणून वापरता येईल: 'नेमणूक दोन वेळा, तारखा गॅझेटावरून. मधल्या रजेच्या काळात सभासद नव्हते. हजेरी कार्यवृत्तातील दैनिक यादीवरून. दोन बैठकांची पानं पाहायला मिळाली नाहीत, त्या मोजलेल्या नाहीत.' संपादकांनी शेवटचं वाक्य काढा म्हणून बराच आग्रह धरला. मी ते ठेवलं.